आजीची खुर्ची

आमच्या घरी एका नियमाला 'काऊन?', म्हणजे 'का?', विचारायचं नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ दारात आला की बाईने खुर्ची सोडून जमिनीवर बसायचं.

आता आमची आजी बघा. उमेदीत जंगलातून मोहफुलं वेचून आणायची, चुलीवर रांधायची. आज तिच्याकडे गॅस आहे, मोबाइल आहे, व्हिडिओ कॉल करून माझ्याशी हॉस्टेलवर भांडते. गुडघे तेवढे गेले. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी जमिनीवर बसणं साफ बंद केलंय.

परवा मी सुट्टीत घरी असताना मोठे आबा, म्हणजे तिचे थोरले दीर, काठी टेकत चहाला आले. त्यांची नजर कधीचीच गेलीय. तरी आजी खुर्चीवरून खाली घसरायला लागली आणि कळवळली.

मी कुजबुजले, "आजी, बस ना वर. त्याइले दिसते काय?"

"त्याइले नाई दिसत. मले तं दिसते ना!"

मी तिला दोन्ही हातांनी धरून पुन्हा वर बसवलं. आवाजावरून आबांना कळलंच.

"उतरू दे तिले, पोरी. रीत हाय ते. शिकली म्हणून आता आमाले शिकवतं काय?"

"आजी नाई उतरणार, आबा. उद्या पडली तं उचलाले तुमची रीत येईन काय?"

आजीने डोक्यावर पदर ओढला, चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि खुर्चीतच बसून राहिली.