झाडावर होते म्हणून गैरहजर

पालिका कार्यालयाच्या खिडकीशी, झाडं छाटायचं काम करणाऱ्या एक बाई आतल्या कारकुनावर उखडल्या होत्या, आणि रांगेत मागे उभी असलेली शाळकरी मुलगी कान टवकारून ऐकत होती.

"बाई, झाडावर चढायच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे तीस तास लागतात. तुमचे चोवीसच भरलेत."

"अहो, शेवटच्या दिवसाचे सहा कुठे गेले?"

"हजेरीपटावर सही नाही."

"पट फिरला तेव्हा मी झाडावर होते! सरांनीच चढवलं होतं, दोर कसा बांधायचा ते बाकीच्यांना दाखवायला!"

"बाकीच्यांच्या सह्या आहेत."

"असणारच! खाली सावलीत बसले होते ना!"

"मग उतरून सही करायची."

"म्हणजे सोमवारपासून मी चढायचं नाही?"

"नाही."

"मग चढणार कोण?"

"ज्यांचे तास भरलेत ते."

"त्यांच्यातल्याच एकाने काल फांदीवरून मला फोन केला, 'ताई, आता उतरू कसा?'"