‘नाही’ लिही

कचेरीतल्या बाकावर रंगारी आणि त्याची थोरली बहीण बोलत होती. शेजारी बसलेल्या एका बाईंना सगळं ऐकू येत होतं.

“अपील जिंकलो ना, ताई? मग अपंग भत्त्याचा फॉर्म पुन्हा कशाला?”

“फेरतपासणी असते रे. शर्टाची बटणं स्वतः लावता येतात?”

“‘हो’ लिही.”

“आज कोणी लावली?”

“तू. घाई होती म्हणून.”

“आणि काल?”

“अपिलात चारचौघांत ‘नाही’ म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. किती वेळा तेच म्हणायचं?”

“‘हो’ लिहिलं तर भत्ता बंद होईल, राजा.”



“बरं, ‘नाही’ लिही. आणि खाली लिही, ताई लावते, पण गळ्याशी फार आवळते.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस, गाढवा?” म्हणत बहिणीने त्याचं वरचं बटण सोडलं.