पक्क्या रंगाचं लुगडं

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट सांगतो. बायकोला तिच्या भावाच्या लग्नात नेसायला पक्क्या रंगाचं लुगडं हवं होतं आणि माझा पगार कच्च्या रंगाचा होता. बाजारात तिने एका स्वस्त लुगड्याचा पदर ओला केला आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर घासला.

"अवं, हे काय करून राहिली?"

"पांढऱ्यावरच खरं समजते. उभे राहा गुमान."

चार लुगड्यांनी बाही लाल, हिरवी, निळी, जांभळी केली. पाचव्याने डाग सोडला नाही. तिचा चेहरा असा खुलला की मीही हसलो.

दुकानदार मात्र कळवळला, "बहनजी, साडी तो पक्की है, पर बाबूजी की कमीज?"

लुगडं काखेत मारत ती म्हणाली, "राहू द्या. लग्नात ह्यांले कोन पायते?"