रांगेतली सातवी

— आणि हे निळं घालून माझ्या व्हरांड्यात चढायची तुझी छाती झाली कशी गं? निळा त्यांचा, जांभळा आपला — दुसरं काही शिकवलं नाही तरी एवढं शिकवतात ना अजून? आपल्या कॉलेजच्या भगिनी मंडळातल्या बाईच्या दारात समोरच्या मंडळाचा रंग! आमच्या वेळी अशा पोरीला फाटकातूनच परत पाठवली असती, बदलून ये म्हणून. काय? — जांभळाच आहे? — असेल. असेल ना, मी कुठे नाही म्हणते. या जाळीच्या दारातून उजेड असा तिरका येतो, कुणाला काय कळणार. बस. चहा घे. गोड आहे, बर्फ घातलाय, आणि नाक मुरडू नकोस, बिनसाखरेचा चहा या मेकन गावात फक्त आजाऱ्याला देतात. तर तू कॅमरिन. मार्गदर्शन घ्यायला आलीस. माझ्याकडून. तुझ्याआधीची एक होती, ती दोनदा आली. तिच्याआधीची एकदाच आली, अर्धा तास बसली, त्यातला निम्मा वेळ फोनला वीज कुठे मिळेल ते शोधत होती, आणि जाताना माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढून गेली. खाली लिहिलं काय, तर 'माझी प्रेरणा'. प्रेरणा म्हणे! माझं आडनाव तरी येत होतं का तिला? प्रिचेट. मिस लुविनिया प्रिचेट. लक्षात ठेव, पुढे कुठे प्रेरणा म्हणून लावायची झाली तर निदान नाव बरोबर पडेल.

आता तुझ्या मनात येणार, म्हातारीला एवढा राग आहे तर नाव कशाला दिलं मार्गदर्शकांत? दिलं. माझी मर्जी. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी, शिकवायची खोड जात नाही. पण आमच्या अध्यक्षीणबाई — डॉक्टर लॅट्रिस हॉलोमन, डॉक्टर म्हणायला विसरू नकोस, नाहीतर नाकाला मिरच्या झोंबतात — त्यांचं मार्गदर्शन पाहिलंस ना? हॉटेलात जेवण, प्रत्येक ताटाशेजारी जांभळा रुमाल, आणि एकेक बाई उठून सांगणार, मंडळानं मला घडवलं, आता मी समाजाचं देणं देतेय. काय देतेय गं? पोरींना सांगते, स्वतःवर विश्वास ठेवा. वा! एवढं सांगायला पदवी घ्यावी लागली? मग फोटो. मग केक. मग प्रत्येकीची मोठी गाडी, आणि ज्या पोरीला घडवलं ती उभी आहे बाहेर, बसची वाट बघत. आजन्म भगिनी! त्यांचा आजन्म दुपारी तीनला संपतो, पार्किंगचं भाडं वाढायच्या आत.

वर्डेल असती तर म्हणाली असती, लुविनिया, जीभ आवर, पोर पहिल्यांदा आलीय. वर्डेल — माझी मंडळातली जुनी मैत्रीण, ऐकलं असशील — मंगळवारी गेली. शनिवारी अकराला चर्चमध्ये तिची शेवटची प्रार्थना. आणि डॉक्टरबाईंचा तो मार्गदर्शनाचा मेळावा पण शनिवारीच, बाराला. मी फोन केला की, पुढे ढकला. म्हणतात, मिस लुविनिया, मन भरून आलंय, पण हॉटेलचं आरक्षण बदलता येत नाही. बरोबर आहे. वर्डेलनंच मरण्यापूर्वी हॉटेलला विचारायला हवं होतं.

तू रांगेत कितवी? — चौथी? बरं. तुमच्या रांगेत किती जणी होत्या? — एकतीस! एकतीस जणींची रांग नसते पोरी, ती यात्रा असते. आम्ही सात होतो. बुटकी पहिली, उंच शेवटची, पुढचीच्या खांद्यावर हात, मान खाली, तोंड बंद — महिनाभर कॉलेजभर तसंच चालायचं, जेवायला तसंच, वर्गात तसंच, आणि मंडळात घेतलं की तो आकडा मरेपर्यंत तुझा. मी सातवी. वर्डेल सहावी. आणि या सहावीनं साठ वर्षं माझं डोकं खाल्लं की खरी उंच तीच. त्या दिवशी म्हणे तिनं सपाट जोडे घातले होते म्हणून फसली! वयाच्या सत्तरीत दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली होती ही बाई, केसांचा बुचडा डोक्यावर बांधून, आणि मला म्हणते पट्टी आण. मी म्हटलं, बुचडा काढ. तर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाउंड केक घेऊन हजर, आणि केक पण कसला, मधे कच्चा. तो तिला कधी जमलाच नाही. मी कधी सांगायचं सोडलं नाही, तिनं करायचं सोडलं नाही.

बाकीच्या पाच आधीच गेल्या. प्रत्येकीच्या मागून आम्ही चाललो — आमची रीतच तशी, शवपेटी पुढे, तिच्या रांगेतल्या मागे, आकड्यानं, पांढरे कपडे, खांद्यावर हात. जी गेली तिची जागा रिकामी सोडायची नाही, सरकून जवळ यायचं. सरकत सरकत दोघी राहिलो. तिचा खांदा, माझा हात. चर्चमध्ये बायका बघायच्या — अगं बघा त्या दोघी, अजून रांगेत चालतात, किती गोड! बाजारात तसंच, मंडळाच्या सभेत तसंच. डॉक्टरबाईंनी तर मेळाव्याच्या पत्रिकेवर छापला होता आमचा फोटो, पाठीमागून, 'भगिनीप्रेम'. आम्ही दोघी त्या पत्रिकेवर इतक्या हसलो — भगिनीप्रेम कसलं डोंबलाचं! ती पुढे चालत हळूच म्हणायची, पायरी, दोन, डावीकडे, मिसेस डॉकिन्स येतेय, पिवळी टोपी, छान म्हण. मी म्हणायची, छान टोपी हं. चार वर्षं. एकीला कळलं नाही. नजर इतकी तीक्ष्ण म्हणायच्या माझी — 

— काय बघतेस? मला दिसतं. उजेड दिसतो. कडेकडेनं दिसतं. मधेच काय ते नाही. तू बसलीयस ते दिसतंय, तुला तोंड नाही एवढंच. आणि हे जर त्या अटलांटाच्या माझ्या भाच्याच्या कानावर गेलं ना — त्याच्याकडे वृद्धाश्रमाचं पत्रक तयार आहे, रंगीत, तळ्यात बदकं असलेलं. पोरगा वाईट नाही. पण शनिवारी तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार, आणि मला त्या मधल्या वाटेनं पेटीमागून चालायचंय, एकटीनं, अख्ख्या चर्चसमोर, आणि तिथे शेवटी दोन पायऱ्या आहेत का तीन हे मला माहीत नाही, कारण ते वर्डेलला माहीत होतं. काठी घेऊ? म्हणजे झालंच. नाही चालले, तर वर्डेलच्या मागे कुणीच नाही. सहावीच्या मागे सातवी नाही! ते मला चालणार नाही. ते मी मेले तरी चालणार नाही.

तर मी म्हणत होते — म्हणजे सुचलं आपलं — आता पोरींना कुठे जुन्या रीती बघायला मिळतात. तुला शिकायचं असेल तर ये शनिवारी. पांढरं घाल. माझ्या पुढे उभी राहा. बाकी काही नाही करायचं, मान खाली आणि सावकाश चालायचं, पायरी आली की हळूच सांगायचं. कुणी विचारलं तर सांगू, मंडळाची नवी पद्धत आहे, जुनीनं नवीला रांगेत घ्यायचं. डॉक्टरबाईंना आवडेल, छापतील. तुझा खांदा — उंची किती गं तुझी? — उठून उभी राहा बघू जरा, इकडे ये, हा — बरा आहे. बरा आहे खांदा. तिच्यापेक्षा हाडकुळा आहे, पण —

काय? — शनिवारी? — किती वाजता? — साडेदहाला तालीम. हॉटेलात. भाषण आहे तुझं. हो का? कशावर? — मार्गदर्शकाकडून मी काय शिकले. म्हणजे माझ्यावर. पाच मिनिटं. नाही नाही, रडतेस कशाला, आणि डॉक्टरबाईंना फोनबिन करू नकोस, मुळीच नाही, आरक्षण बदलत नाही त्यांचं. मी कुठे ये म्हटलं तुला? रीत सांगत होते. मार्गदर्शन! हेच करायला आलीस ना तू? झालं मग. चांगलं बोल भाषणात. प्रिचेट म्हणायचं, नीट, तोंड उघडून. सांग की बाईंची नजर फार तीक्ष्ण आहे. सांग, रंग बघून लगेच ओळखलं. टाळ्या पडतील. पेला तिथेच राहू दे, मी उचलते. राहू दे म्हटलं ना! जा आता, तुझी बस जाईल. आणि ते दार ओढून घे, माश्या येतात.