गाळलेलं प्रकरण

बाई : ते सगळं खरं, पण हिने वर्गात हात उचलायचा म्हणजे काय? त्या मुलाचा ओठ फुटलाय.

आई : ओठ दिसला हो सगळ्यांना. इतके दिवस त्याच तोंडातून काय बाहेर पडत होतं, ते नाही ऐकू आलं?

बाई : मुलं चिडवतातच एकमेकांना.

आई : 'डांबरी' म्हणतात हिला. तो एकटाच नाही, अख्खा वर्ग. आणि हा शब्द आला कुठून, बाई? तुमच्या त्या पुस्तकातून!

बाई : अहो, पुस्तक उलट त्याच्या विरोधात आहे! गोऱ्या मालकाच्या घरी राबणाऱ्या काळ्या मुलीची गोष्ट. मी मुद्दाम निवडली. बाकीच्या शाळा हात लावायला धजत नाहीत असल्या विषयाला.

आई : उपकार झाले. मग त्या मुलीची वाक्यं रोज हिलाच का वाचायला लावता?

बाई : हिच्या तोंडी ती शोभ... म्हणजे, खरी वाटतात.

आई : शोभतात! ऐकलंस ना गं? एवढी पोरं वर्गात, आणि शिव्या खायला माझीच तेवढी शोभते!

बाई : शब्दात पकडू नका हो. माझा हेतू—

आई : हेतू घाला चुलीत! या उकाड्यात ही पोर घरातसुद्धा लांब बाह्या काढत नाही. माझ्यासमोरही नाही.

बाई : मला खरंच कल्पना नव्हती. पण मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलंय. उद्या वर्गासमोर माफी, नाहीतर शाळेतून नाव कमी.

आई : वा! चोर सोडून संन्याशाला फाशी.

मुलगी : बाई, आपण अकरावं प्रकरण का नाही वाचलं?

बाई : अं?

मुलगी : दहावं झाल्यावर तुम्ही एकदम बारावं काढायला सांगितलंत. मी घरी वाचलं ते. मालकाचा मुलगा तिला तसंच म्हणतो, आणि ती त्याच्या मुस्काटात मारते. म्हणते, आता म्हणून बघ.

बाई : ते... मुलं भलतंच शिकतील म्हणून गाळलं. पालकांच्या तक्रारी आल्या असत्या.

आई : आली की तक्रार! ही काय, समोर बसलीय. म्हणजे शिव्या सगळ्या खड्या आवाजात वाचायच्या, आणि तिने हात उचलला की पान उलटायचं? रडणारी काळी पोर चालते तुम्हाला. चिडलेली नाही चालत!



बाई : मग काय करू म्हणता?

आई : मला नका विचारू. हिला विचारा.

मुलगी : ओठ फुटला त्याची माफी मागेन. मारल्याची नाही. पण आधी ते प्रकरण वाचायचं. वर्गात, मोठ्याने.

बाई : बरं. उद्याच वाचू. तिची वाक्यं अर्थात तूच—

मुलगी : नको, बाई. दुसरं कुणीही वाचू दे. मला मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकायचंय.