जप्तीतली भुरी

"सूनबाईले सांगू नोको, नाई तं मांजर घरात येईल," सासूबाई स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला बजावत होत्या. मी भिंतीपलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते.

काय सांगू नये, ते जेवताना त्याच्याच तोंडून निसटलं. नागभीडच्या एक बाई घरातच बेवारस मांजरी सांभाळायच्या. त्यांच्या साऱ्या मांजरी सरकारी लोकांनी उचलून चंद्रपूरला नेल्या होत्या. गावात कोणी म्हणे बाईनं कोंडून ठेवल्या, कोणी म्हणे जीव लावला. ज्याचं मांजर असेल त्यानं शनिवारपर्यंत ओळखून न्यायचं होतं.

लग्नाआधी माझी भुरी मीच त्या बाईंकडे सोडली होती. चार महिने झाले, अजून मी झोपताना पायाशी तिच्यापुरती जागा ठेवते.

"एवढ्या मांजरींत तुयी कोनती, वळखशीन कशी वो?" सासूबाई म्हणाल्या.

दीर हसला. "वहिनी बोलतेच किती? आमी घरचे असून आमाले तिचा आवाज वळखू येत नाई, ते मांजर काय वळखंल?"

मी हातातला घास खाली ठेवला. म्हटलं, "वळखाचं काम भुरीवर सोडा, आई. मले फक्त उद्या तिथवर पोचवून द्या."