लिटरला चौदा किलोमीटर

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या जुनी वाहने मित्रमंडळाचा गाडा इतकी वर्षं न कुरकुरता ओढणारे आदरणीय रूपरावजी, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या ज्योत्स्नाताई, आठवडाभर या समारंभासाठी पायाला भिंगरी लावून फिरलेल्या आपल्या सचिव दिपालीताई, बोलावूनही व्यासपीठावर न येता दाराजवळची खुर्ची धरून बसलेले आमचे तानबा मिस्त्री, आणि वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाटहून आपापल्या म्हाताऱ्या गाड्या जपून चालवत आलेल्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा घंटा झाल्यावरही बोलत राहण्याची खोड आहे. रूपरावजींनी समोरची बेल खुशाल वाजवावी.

माझ्याबद्दल इथे बरंच चांगलं बोललं गेलं. निरोपाला तसं बोलतातच. पण माझ्या त्या छोट्या लाल गाडीबद्दल जे बोललं गेलं, त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे. परवा सकाळी ती ट्रकवर चढून नाशिकच्या एका गृहस्थांकडे जाईल आणि त्यानंतर आठवड्याभरात मी पुण्याला मुलाकडे, मिहिरकडे जाईन. म्हणजे नंतर सांगतो म्हणायची सोय आता उरलेली नाही.

आपल्याला ठाऊकच आहे, ती इंग्लंडात बनलेली, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची गाडी. तिच्या पुस्तिकेत लिहिलंय, एका गॅलनला चाळीस मैल. आपल्या भाषेत लिटरला चौदा किलोमीटर. आता मला सांगा, पुस्तिकेतला आकडा रस्त्यावर कधी कोणाला मिळाला आहे का? हसू नका, तुम्हा सगळ्यांच्या कपाटात अशा पुस्तिका आहेत. मला अकरा मिळायचे. फार तर साडेअकरा. आणि अकराचे चौदा करायचे, या एका हट्टापायी मी माझी वीस वर्षं घातली.

आपली वार्षिक फेरी त्यातूनच सुरू झाली. दर जानेवारीत वर्ध्याच्या त्याच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, आर्वीवरून तळेगावला जायचं, परत यायचं आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. टाकीत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून भरताना गाडी दोन्ही बाजूंनी धरून हलवायची, हा नियम माझाच. नवीन माणसाला वाटायचं, या लोकांना वेड लागलंय, गाडीला पाळण्यासारखं झुलवताहेत. दोन आसनांच्या गाडीत दोन माणसं बसलेलीच पाहिजेत, हाही नियम माझाच. दुसरं माणूस म्हणजे अर्थात आमच्या सौभाग्यवती, सुधा.

सुधाला गाडी चालवता येत नव्हती. तिला फक्त क्लच सोडता यायचा. कारण आमच्या गाडीची एक खोड होती. इंजिन गरम असताना बंद केलं, की ते पुन्हा सुरू व्हायचं नाही. मग सुधा चालकाच्या जागी सरकायची, मी मागून ढकलायचो, मी "सोड" म्हटलं की ती क्लच सोडायची. गाडी एक आचका देऊन सुरू व्हायची आणि सुधा दर वेळी पहिल्यांदा झाल्यासारखी हसायची. ढकलून माझी कंबर जायची. म्हणून मग वाटेत थांबायचं झालं, तर मी इंजिन चालूच ठेवायचो. आणि सुधाला तर सारखंच थांबायचं असायचं. खरांगण्याला शेंगा घ्यायच्या, आर्वीला मैत्रिणीकडे नुसतं डोकावून यायचं. ते डोकावणं पाऊण तासाचं. मी बाहेर इंजिनाचा आवाज ऐकत बसायचो आणि मनात पेट्रोल मोजत राहायचो.

घरी आल्यावर प्लग बदल, कार्ब्युरेटर खोल, चाकांत हवा थोडी जास्त भर, असं चालायचं. तानबा साक्षीला आहेत. दुखणं कुठे आहे ते मला कळत नव्हतं का? पक्कं कळत होतं. भौतिकशास्त्राचा मास्तर ना मी. पण बायकोला काय सांगणार?

सहा वर्षांपूर्वीच्या फेरीत मात्र ठरवलं, आज कुठेच थांबायचं नाही. खरांगण्याच्या अलीकडे एक बाई रस्त्याच्या कडेला तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग मांडून बसली होती. सुधा म्हणाली, "अहो, थांबा ना जरा. शेंगा घेते. हिरवे दाणे सोलून सोलेभात करीन."

मी म्हणालो, "येताना घेऊ. आज गाडी छान पळते आहे."

येताना ती बाई तिथेच होती. सुधाने माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो नाही. आर्वीलाही थांबलो नव्हतो. पंपावर आलो, टाकी भरली, गाडी झुलवली, भागाकार केला. तेरा पूर्णांक सहा. सुधाने विचारलं, "मिळाला का तुमचा आकडा?" मी म्हणालो, "जवळजवळ." तर ती इतकी खूश झाली, की पंपावरच्या पोरांना तिने पेढे वाटले. तिच्या भाताचं मी पार विसरून गेलो होतो. तिलाही त्याची आठवण राहिली नसावी, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

एप्रिलमध्ये ती सावंगीच्या दवाखान्यात दाखल झाली. मे महिन्यात गेली.

क्षमा करा. पाणी घेतो.

तर, पुढच्या जानेवारीत दुसऱ्या माणसाचा प्रश्न आला. दिपालीताई, तुम्ही घरी येऊन म्हणाला होतात, "सर, मी बसते ना तुमच्यासोबत." मी काय उत्तर दिलं, ते तुम्ही मोठ्या मनाने आजवर कोणाला सांगितलं नाहीत. मीच सांगतो. मी म्हणालो, "तुमचं वजन जुळत नाही." आणि नियमात दुरुस्ती करून घेतली, की माणूस नसेल तर तेवढं वजन चालेल. मग सरकीचं एक पोतं आणलं, काट्यावर चोपन्न किलो भरेल असं करून घेतलं आणि पट्टा लावून शेजारी बसवलं. पाच वर्षं मी त्या पोत्यासोबत तळेगावला गेलो आहे. आर्वीच्या वळणावर ते माझ्या अंगावर कलायचं आणि मी एका हाताने त्याला सरळ करायचो. आपण सर्वांनी ते पाहिलंत आणि सभ्यपणे दुसरीकडे बघितलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

त्या पहिल्याच वर्षी मला चौदा पूर्णांक एक मिळाले. वजन तेवढंच, गाडी तीच, रस्ता तोच. मी पेढे घेऊन तानबांकडे गेलो, म्हटलं, कार्ब्युरेटरला तुमचा हात लागला आणि सोनं झालं. तानबांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. म्हणाले, "सर, म्या काईच नाई केलं. जेट तेच हाय, प्लग तेच हाय. तुम्ही आता कोठीच थांबून नाई राह्यले. मंग गाडी पेट्रोल कायले पेईन?"

खरं होतं ते. मी थांबत नव्हतो, कारण एकट्याला थांबताच येत नाही हो या गाडीत. इंजिन चालू ठेवून उतरावं, तर गाडीपाशी कोणी नाही. बंद करावं, तर मागून ढकलायला मी आहे, पण पुढे क्लच सोडायला कोणी नाही. म्हणून वर्ध्याहून निघायचं, तळेगावच्या चौकातून गाडीतून न उतरता वळायचं आणि सरळ परत यायचं. कोणाशी एक शब्द नाही. पुस्तिकेतला आकडा असा मिळतो, मित्रहो. ज्यांना अजून मिळालेला नाही, त्यांनी तो मिळवायच्या मागे लागू नये, एवढंच माझं अनुभवाचं सांगणं आहे.

आज मला दिलेल्या या सुंदर ढालीवर चौदा पूर्णांक एक कोरलेलं आहे. प्रेमाने दिलेली वस्तू नाकारण्याइतका मी उद्धट नाही. ती घेऊन जाईन. पण मिहिरने विचारलं, तर त्याला या आकड्याची नव्हे, त्याच्या आईची गोष्ट सांगेन.

बेल वाजली. आवरतो.

एक विनंती मात्र आहे. मला मागायची सवय नाही, त्यामुळे नीट जमेल की नाही ठाऊक नाही. उद्या सकाळी सात वाजता मी शेवटचा तळेगावला जाणार आहे. टाकी मोजून भरणार नाही. पोतं सोडलं आणि सरकी तानबांच्या म्हशीला दिली. शेजारची जागा रिकामी आहे. वजनाची अट नाही. गाडी चालवता आली नाही तरी चालेल, क्लच सोडायला मी शिकवीन. खरांगण्याला सध्या शेंगा आल्या आहेत, परवा बसमधून पाहिल्या.

मंडळाने मला इतकी वर्षं सांभाळून घेतलं, आज एवढा मान दिला, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला लागेल असं काही बोललो असेन, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि उद्या आपल्यापैकी कोणी आलंच, तर वाटेत मला थांबायला सांगा. पहिल्यांदा मी ऐकणार नाही. कृपा करून पुन्हा सांगा.